कंटेनर-समूहावर आशय व्यवस्थापन प्रणालीची उभारणी : विद्यापीठीय संकेतस्थळांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

विद्यापीठे व महाविद्यालये यांची संकेतस्थळे प्रामुख्याने वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला यांसारख्या आशय व्यवस्थापन प्रणालींवर चालतात. या प्रणाली एकाच सर्व्हरवर चालाव्यात अशा गृहीतकावर घडल्या आहेत. कंटेनर-समूहाची रचना मात्र कोणताही कंटेनर केव्हाही नष्ट व्हावा आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहावा, या तत्त्वावर आधारलेली आहे. या दोन रचनांचा मेळ कसा घालावा, त्यात कोणत्या अडचणी येतात आणि मराठी मजकुराच्या बाबतीत कोणती विशेष काळजी घ्यावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. प्रणालीची 'स्मृती' तिच्या आज्ञावलीपासून वेगळी करणे हे या उभारणीतील मुख्य काम असून समूह ही त्यानंतरची पायरी आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : आशय व्यवस्थापन प्रणाली, कंटेनर, कुबरनेटिस, डेटाबेस, देवनागरी, संकेतस्थळ.

१. प्रस्तावना

नांदेड शहरालगतचे विष्णुपुरी हे मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचे एक महत्त्वाचे केंद्र होय. श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था येथे १९८१ पासून कार्यरत आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा परिसरही येथेच असून नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे 4 जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. एवढ्या विस्तृत क्षेत्रातील विद्यार्थ्याला परीक्षेचे वेळापत्रक, शुल्क भरण्याची अंतिम तारीख किंवा प्रवेशाची सूचना पाहण्यासाठी विष्णुपुरीपर्यंतचा प्रवास परवडणारा नसतो. उदगीर किंवा किनवट येथील विद्यार्थ्यासाठी संकेतस्थळ हाच विद्यापीठाचा सूचनाफलक असतो. तो फलक ऐनवेळी दिसेनासा झाला, तर विद्यार्थ्याची अंतिम तारीख हुकते आणि त्याचे वर्षही वाया जाऊ शकते.

संकेतस्थळाचे महत्त्व कायद्यानेही मान्य केले आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपल्या कामकाजाची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. २०१७ मध्ये नॅकने आणलेल्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत स्वयंमूल्यमापन अहवाल ऑनलाइन सादर करून पुराव्यादाखल संस्थेच्या संकेतस्थळावरील कागदपत्रांचे दुवे देण्याची रीत रूढ झाली. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी अपलोड केलेली एखादी पीडीएफ फाइल हरवणे ही आता केवळ तांत्रिक उणीव राहिलेली नाही.

या पार्श्वभूमीवर अनेक संस्थांपुढे संकेतस्थळ कंटेनर-समूहावर न्यावे काय, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या स्थलांतरात नेमके काय घडते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

२. मूलभूत संकल्पना

२.१ आशय व्यवस्थापन प्रणाली

संगणकाची भाषा न जाणणाऱ्या कर्मचाऱ्यालाही ब्राउझरमधून मजकूर लिहिता, बदलता व प्रसिद्ध करता यावा, यासाठी तयार केलेली आज्ञावली म्हणजे आशय व्यवस्थापन प्रणाली होय. ड्रुपल २००१ मध्ये, वर्डप्रेस २००३ मध्ये व जूमला २००५ मध्ये प्रकाशित झाली. या तिन्ही प्रणाली पीएचपी भाषेत लिहिलेल्या असून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत.

वर्डप्रेसचे उदाहरण घेतल्यास तिच्या मांडणीचे चार भाग दिसतात. पहिला भाग मूळ आज्ञावली, थीम व प्लगइन यांचा. दुसरा भाग डेटाबेसचा. सूचना, पृष्ठे, वापरकर्ते व बहुतेक सर्व सेटिंग त्यात साठवलेली असतात. तिसरा भाग अपलोड केलेल्या छायाचित्रांचा व पीडीएफ फाइलींचा. चौथा भाग संरचना-फाइलीचा. डेटाबेसचा पासवर्ड आणि लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त किल्ल्या तीत असतात. एकाच सर्व्हरवर हे चारही भाग शेजारी-शेजारी नांदतात, म्हणून त्यांच्यातील भेद सहसा जाणवत नाही.

२.२ कंटेनर

कंटेनर म्हणजे आज्ञावली व तिला लागणारे सर्व साहित्य यांचे एकत्र बांधलेले गाठोडे, जे कोणत्याही सुसंगत यंत्रावर सारख्याच रीतीने चालते. यामागील विचार जुना आहे. युनिक्समध्ये १९७९ साली आलेली 'चरूट' ही सोय आणि २००० सालातील फ्रीबीएसडीचे 'जेल' हे त्याचे पूर्वज होत. लिनक्सच्या गाभ्यात २००८ मध्ये 'सीग्रुप' ही सोय समाविष्ट झाली. तिच्यामुळे एखाद्या प्रक्रियेला किती मेमरी व किती प्रोसेसर वेळ द्यावयाचा, यावर मर्यादा घालता येऊ लागली. मार्च २०१३ मध्ये जाहीर झालेल्या डॉकरने हे तंत्र सर्वसामान्य प्रोग्रामरच्या आवाक्यात आणले.

कंटेनर ज्या साच्यातून निघतो त्यास इमेज म्हणतात. इमेज अपरिवर्तनीय असते. तिच्यापासून निघालेल्या कंटेनरमध्ये काही लिहिले, तर ते लिखाण त्या कंटेनरच्या आयुष्यापुरतेच टिकते. कंटेनर गेला की लिखाणही जाते. पुढील सर्व विवेचन या एका वैशिष्ट्याभोवती फिरते.

२.३ समूह

अनेक यंत्रे जोडून त्यांच्याकडून एकत्रित काम करून घेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये पूर्ण केलेला 'परम ८०००' हा महासंगणक अनेक प्रोसेसरांच्या सहकार्यावरच आधारलेला होता. तेथे एक मोठे गणित अनेकांत वाटून सोडवले जाई. संकेतस्थळाच्या समूहात याउलट हजारो छोट्या मागण्या उपलब्ध यंत्रांत वाटल्या जातात.

हे वाटपाचे काम करणाऱ्या प्रणालींमध्ये कुबरनेटिस सर्वाधिक प्रचलित आहे. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा असा होतो. गूगलने आपल्या 'बोर्ग' या अंतर्गत प्रणालीच्या अनुभवातून ती घडवली. जून २०१४ मध्ये ती जाहीर झाली आणि जुलै २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. समूहातील प्रत्येक यंत्राला नोड, तर एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या लहानात लहान गटाला पॉड म्हणतात. 'या संकेतस्थळाचे 3 पॉड सतत चालू असावेत' असे व्यवस्थापकाने लिहून दिले की प्रत्यक्ष स्थिती त्या अपेक्षेशी जुळवत राहणे, हे कुबरनेटिसचे काम. एक पॉड कोसळला तर ती दुसरा उभा करते.

३. समस्येचे मर्म : स्मृती कोठे ठेवावी

विष्णुपुरीचेच उदाहरण येथे उपयोगी पडते. गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्प ही उपसा सिंचन योजना आहे. शंकरसागर जलाशयातील पाणी पंपांच्या साहाय्याने उचलून कालव्यात सोडले जाते. मागणी वाढली की अधिक पंप चालवता येतात, नादुरुस्त पंप बदलता येतो. परंतु पाणी पंपात साठत नाही, ते जलाशयात असते. जलाशय रिकामा असेल तर कितीही पंप लावले तरी उपयोग नाही.

समूहातील पॉड हे पंपांसारखे आहेत. डेटाबेस व अपलोड केलेल्या फाइली हा जलाशय. वर्डप्रेससारखी प्रणाली आहे तशी समूहावर टाकली, तर तिचा जलाशय प्रत्येक पंपाच्या आत विखुरला जातो. अशा वेळी पुढील प्रकार घडतात. लिपिकाने वेळापत्रकाची पीडीएफ अपलोड केली. ती पहिल्या पॉडच्या अंतर्भागात साठली. पुढची मागणी दुसऱ्या पॉडकडे गेली. तेथे ती फाइल नाही. त्यामुळे एका विद्यार्थ्याला वेळापत्रक दिसते आणि दुसऱ्याला 'पृष्ठ सापडले नाही' असा संदेश मिळतो. रात्री पहिला पॉड बदलला गेला की ती फाइल कोणालाच दिसत नाही. डेटाबेसमध्ये मात्र तिची नोंद कायम असते.

आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातही असाच पेच उद्भवतो. वर्डप्रेसच्या व्यवस्थापन-पृष्ठावरून एका बटणाने नवी आवृत्ती बसवता येते. कंटेनरमध्ये हे केल्यास नव्या फाइली त्या पॉडपुरत्या राहतात. डेटाबेसची रचना मात्र कायमची बदलते. पॉड पुन्हा उभा राहिला की जुनी आज्ञावली आणि नवा डेटाबेस अशी विसंगत जोडी तयार होते. म्हणूनच समूहावर व्यवस्थापन-पृष्ठावरून फाइली बदलण्याची मुभा संरचना-फाइलीतून बंद करावी आणि प्रत्येक बदल नव्या इमेजच्या रूपाने आणावा.

४. उभारणीचे टप्पे

४.१ इमेज तयार करणे

मूळ आज्ञावली, संस्थेची थीम व निवडक प्लगइन यांची ठरावीक आवृत्ती असलेली इमेज तयार करावी. तिला 'सर्वांत नवी' असे सैल नाव न देता निश्चित आवृत्ती क्रमांक द्यावा. अन्यथा दोन नोडांवर दोन वेगवेगळ्या आवृत्त्या चालण्याचा संभव असतो.

येथे एक सापळा आहे. फाइली हरवू नयेत म्हणून वर्डप्रेसचे संपूर्ण फोल्डर कायमस्वरूपी साठवणुकीवर ठेवण्याचा मोह होतो. वर्डप्रेसची अधिकृत डॉकर इमेज त्या फोल्डरात आज्ञावली आधीपासून असल्यास तिच्यावर नवी प्रत लिहीत नाही. परिणामी इमेजची नवी आवृत्ती आणली, तरी प्रत्यक्षात जुनीच आज्ञावली चालू राहते आणि सुरक्षा-दुरुस्त्या लागू झाल्याचा केवळ भास होतो. यास्तव कायमस्वरूपी साठवणुकीवर फक्त अपलोडचे फोल्डर ठेवावे.

४.२ संरचना व गुप्त माहिती

पासवर्ड इमेजमध्ये लिहू नये. कुबरनेटिसमध्ये त्यासाठी 'सीक्रेट' ही सोय आहे. तथापि नेहमीच्या मांडणीत सीक्रेटमधील मजकूर केवळ बेस-६४ रूपात बदललेला असतो. ते कूटलेखन नव्हे. कूटलेखनाची व्यवस्था वेगळी करावी लागते आणि सीक्रेट वाचण्याचा अधिकार मोजक्याच व्यक्तींना द्यावा लागतो. वर्डप्रेसच्या लॉगिन-किल्ल्या सर्व पॉडांत समान असणेही आवश्यक आहे. त्या भिन्न असल्यास एका पॉडने मान्य केलेले लॉगिन दुसरा पॉड नाकारतो आणि कर्मचारी वारंवार बाहेर फेकला जातो.

४.३ डेटाबेस

डेटाबेस समूहाच्या आत ठेवावा की बाहेर, हा मतभेदाचा विषय आहे. कुबरनेटिसमध्ये 'स्टेटफुलसेट' नावाची सोय असून डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या १.९ आवृत्तीपासून ती स्थिर मानली जाते. तिच्यामुळे डेटाबेसच्या पॉडला निश्चित नाव व निश्चित साठवणूक मिळते. परंतु प्रतिकृती, बॅकअप व आवृत्तीबदल यांची जबाबदारी ती घेत नाही. लहान तांत्रिक विभाग असलेल्या संस्थेने डेटाबेस समूहाबाहेर स्वतंत्र यंत्रावर ठेवणे अधिक सुरक्षित ठरते.

४.४ अपलोड केलेल्या फाइली

कुबरनेटिसमधील बहुसंख्य डिस्क एका वेळी एकाच नोडला जोडता येतात. अनेक नोडांवरील पॉडांना एकच फोल्डर वाचता व लिहिता यावे यासाठी एनएफएससारखी सामायिक साठवणूक किंवा ऑब्जेक्ट स्टोरेज लागते. एनएफएस उभारण्यास सोपे आहे, परंतु ते देणारे यंत्र बंद पडले की सर्वच पॉडांच्या फाइली एकदम जातात. ऑब्जेक्ट स्टोरेजसाठी प्लगइन बसवावे लागते, मात्र दीर्घकाळासाठी ते अधिक टिकाऊ आहे.

४.५ प्रवेशद्वार व सुरक्षित जोडणी

बाहेरून येणारी मागणी प्रथम समूहाच्या प्रवेशद्वाराशी येते. सुरक्षित एचटीटीपीएस जोडणी सहसा तेथेच संपते आणि आतील पॉडपर्यंत मागणी साध्या एचटीटीपीने पोहोचते. वर्डप्रेसला त्यामुळे जोडणी असुरक्षित असल्याचे वाटते. ती वाचकाला पुन्हा सुरक्षित पत्त्याकडे पाठवते आणि हे चक्र थांबत नाही. प्रवेशद्वाराने पाठवलेल्या शीर्षकातून मूळ जोडणीचा प्रकार ओळखण्याची सूचना संरचना-फाइलीत लिहिल्यास हा दोष दूर होतो.

४.६ आरोग्य-तपासणी व नियोजित कामे

कुबरनेटिस पॉडची दोन प्रकारे तपासणी करते. पहिल्या तपासणीत अपयश आल्यास कंटेनर पुन्हा सुरू केला जातो, तर दुसऱ्या तपासणीत अपयश आल्यास पॉडकडे मागण्या पाठवणे तात्पुरते थांबवले जाते. पहिली तपासणी डेटाबेसवर अवलंबून ठेवू नये. तशी ठेवल्यास डेटाबेस किंचित मंदावताच सर्व कंटेनर एकाच वेळी पुन्हा सुरू होऊ लागतात आणि किरकोळ अडचणीचे रूपांतर संपूर्ण बंदीत होते.

ठरावीक वेळी सूचना प्रसिद्ध करण्यासारखी कामे वर्डप्रेस वाचकांच्या भेटींच्या आधारे पार पाडते. रात्री कोणी संकेतस्थळावर आलेच नाही, तर नियोजित सूचना उशिरा प्रसिद्ध होते. समूहावर ही अंगभूत सोय बंद करून कुबरनेटिसच्या वेळापत्रकानुसार दर ५ मिनिटांनी ते काम चालवावे.

५. भार व क्षमता : एक गृहीत उदाहरण

समूहाच्या बाजूने सांगितले जाणारे प्रमुख कारण म्हणजे निकाल किंवा प्रवेशाच्या दिवशी येणारा भार. हा भार मोजण्याची रीत एका गृहीत उदाहरणाने स्पष्ट करता येईल. ३० मिनिटांत २०,००० विद्यार्थी संकेतस्थळावर आले आणि प्रत्येकाने पीएचपीकडे सरासरी ५ मागण्या केल्या, असे मानू. एकूण मागण्या १,००,००० होतात. १,८०० सेकंदांत त्या समान विभागल्यास दर सेकंदाला सुमारे ५६ मागण्या येतील. प्रत्यक्षात गर्दी समान नसते. निकाल जाहीर होताच पहिल्या काही मिनिटांत ती पाचपट झाल्यास दर सेकंदाला सुमारे २८० मागण्या होतील. प्रत्येक मागणीला अर्धा सेकंद लागत असेल, तर एका वेळी सुमारे १४० पीएचपी प्रक्रिया व्यस्त राहतील. प्रत्येकीला ६० एमबी मेमरी लागल्यास केवळ या कामासाठी ८ जीबीहून थोडी अधिक मेमरी हवी.

येथे सहज सुचणारा उपाय म्हणजे पॉडांची संख्या वाढवणे. कुबरनेटिस ते आपोआपही करू शकते. प्रत्येक पॉडमध्ये २० प्रक्रिया असतील आणि पॉडांची संख्या १० झाली, तर डेटाबेसकडे एका वेळी २०० जोडण्या जाऊ शकतात. मायएसक्यूएल व मारियाडीबी या डेटाबेसांत जोडण्यांची मूळ मर्यादा १५१ असते. ती न बदलल्यास अधिक पॉड आणल्याने संकेतस्थळ वाचण्याऐवजी कोसळते आणि वाचकाला डेटाबेसशी जोडणी न झाल्याचा संदेश दिसतो. मर्यादा वाढवली तरी डेटाबेस यंत्राची मेमरी आणि डिस्क यांची क्षमता तेवढीच राहते.

यावरील खरा उपाय मागण्या डेटाबेसपर्यंत पोहोचूच न देणे हा आहे. वेळापत्रक किंवा प्रवेश-सूचना सर्व वाचकांसाठी सारखीच असते. तिचे तयार पृष्ठ कॅशमध्ये ठेवल्यास एक साधा वेब सर्व्हरही वरील भार सहज पेलू शकतो. आसनक्रमांकानुसार बदलणारा निकाल मात्र आशय व्यवस्थापन प्रणालीतून देऊच नये. त्यासाठी स्वतंत्र आणि हलकी व्यवस्था असावी. एकाच प्रणालीवर निकाल व सूचना ठेवल्यास निकालाच्या गर्दीत पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची सूचनाही बुडते.

६. मराठी मजकुरासंबंधी विशेष प्रश्न

तांत्रिक पुस्तिका इंग्रजी मजकूर गृहीत धरून लिहिलेल्या असतात. मराठी संकेतस्थळाचे स्थलांतर करताना पुढील बाबी तपासणे अगत्याचे आहे.

(अ) वर्णसंच : युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. डेटाबेसची प्रत काढताना किंवा भरताना जोडणीचा वर्णसंच जुना लॅटिन राहिला, तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि मूळ अक्षरे परत मिळवता येत नाहीत. वर्डप्रेसने २०१५ मधील ४.२ आवृत्तीपासून यूटीएफ-८-एमबी-४ हा व्यापक वर्णसंच स्वीकारला आहे. जुन्या डेटाबेसांत तो आहे काय, हे स्थलांतरापूर्वी पाहावे.

(आ) पत्त्यांची लांबी : वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षकावरून पृष्ठाचा पत्ता तयार होतो, तेव्हा देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची टक्केचिन्हयुक्त ९ अक्षरे होतात. पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. म्हणजे २२ चिन्हांनंतर पत्ता तुटतो. काना, मात्रा, वेलांटी व हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हे असल्याने 'पदव्युत्तर परीक्षा वेळापत्रक' एवढेही शीर्षक पूर्ण बसत नाही. सारख्या सुरुवातीच्या सूचनांचे पत्ते त्यामुळे केवळ शेवटच्या अंकाने वेगळे राहतात. दीर्घकाळ टिकावयाच्या सूचनांना आटोपशीर पत्ता हाताने देणे हितावह होय.

(इ) फाँट : आकार लहान राहावा म्हणून कंटेनर इमेजमध्ये फाँट सहसा ठेवत नाहीत. संकेतस्थळावरून मराठी प्रमाणपत्र किंवा पावती पीडीएफ रूपात तयार होत असेल, तर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटतात. लोहित किंवा नोटो यांसारखा मुक्त देवनागरी फाँट इमेजमध्येच समाविष्ट करावा.

(ई) वेळ : कंटेनरचे घड्याळ सामान्यतः जागतिक प्रमाणवेळेनुसार चालते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. 'आज रात्री १२ पर्यंत' अशी मुदत असलेल्या अर्जाबाबत तक्रार उद्भवल्यास नोंदवहीतील वेळ कोणती, याचा उलगडा आधीच झालेला असावा.

७. मराठी विकिपीडियाचे उदाहरण

मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचे आणि समूहावर चालणारे संकेतस्थळ म्हणजे मराठी विकिपीडिया. १ मे २००३ रोजी तो सुरू झाला. त्यामागील मीडियाविकी ही आज्ञावलीही पीएचपीतच लिहिलेली आहे. विकिमीडिया प्रतिष्ठानाने २०२० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती टप्प्याटप्प्याने स्वतःच्या कुबरनेटिस समूहांवर आणली.

या रचनेत समूहावर काय नेले नाही, हे विशेष लक्षणीय आहे. लेखांचा मजकूर सांभाळणारे मारियाडीबी डेटाबेस समूहाबाहेर स्वतंत्र सर्व्हरांवर आहेत. छायाचित्रे वेगळ्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये आहेत. वाचकांच्या बहुतांश मागण्या कॅशमधूनच भागतात. आशियातील वाचकांसाठी सिंगापूर येथे २०१८ पासून असे एक कॅश-केंद्र कार्यरत आहे. म्हणजे जगातील अत्यंत मोठ्या संकेतस्थळांपैकी एकानेही जलाशय बाहेर ठेवला आणि समूहावर केवळ पंप नेले. हे स्थलांतर काही वर्षे चालले, ही बाबही लक्षात घेण्यासारखी आहे.

८. मर्यादा व निर्णयाचे निकष

समूह स्वतःला सावरतो, हे खरे असले तरी तो तत्काळ सावरतो असे नाही. एखादा नोड अचानक बंद पडल्यास त्यावरील पॉड अन्यत्र हलवण्यापूर्वी कुबरनेटिस नेहमीच्या मांडणीत सुमारे ५ मिनिटे वाट पाहते. त्यामुळे किमान २ पॉड भिन्न नोडांवर असतील, अशी अट घालावी लागते. समूहाचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रांत बहुमताचे तत्त्व चालते. तीनपैकी 2 यंत्रे चालू असतील तर नियंत्रण टिकते, एकच उरल्यास टिकत नाही. ही तिन्ही यंत्रे एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर आणि एकाच वीजजोडणीवर असतील, तर वीज गेल्यावर तिन्ही एकदमच जातात. कागदावर 3 असलेली यंत्रे प्रत्यक्षात एकच ठरतात.

मनुष्यबळाचा प्रश्न याहून बिकट आहे. कुबरनेटिसच्या वर्षाला सुमारे 3 आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला साधारण १४ महिनेच दुरुस्त्या मिळतात. म्हणजे समूह एकदा उभारून विसरता येत नाही. कंत्राटी तंत्रज्ञाने उभारलेला समूह तो सोडून गेल्यावर कोणालाच उलगडत नसेल, तर तो जुन्या एकाकी सर्व्हरपेक्षाही धोकादायक असतो. अद्ययावत न केलेल्या प्रणालीत घुसखोरी झाल्यास विद्यापीठाच्या नावाने खोटी सूचना प्रसिद्ध होऊ शकते. तिच्यावर विश्वास ठेवणारा विद्यार्थीच तिचा पहिला बळी असतो.

एकाच महाविद्यालयाचे, दिवसाकाठी मोजक्या भेटी असलेले संकेतस्थळ असेल, तर एक सर्व्हर, पूर्ण-पृष्ठ कॅश आणि नियमित बॅकअप एवढे पुरेसे आहे. विद्यापीठ, त्याची उपकेंद्रे, विविध संकुले व संलग्न महाविद्यालये यांची अनेक संकेतस्थळे एकाच विभागाने सांभाळावयाची असतील आणि किमान 2 प्रशिक्षित व्यक्ती कायमस्वरूपी उपलब्ध असतील, तर समूहाचा लाभ दिसू लागतो. एकाच इमेजमधील सुरक्षा-दुरुस्ती तेव्हा सर्व संकेतस्थळांना एकाच वेळी लागू करता येते.

दोन्ही परिस्थितींत बॅकअपचे महत्त्व सारखेच आहे. डेटाबेस व अपलोड यांच्या प्रती जवळपास एकाच वेळी घ्याव्यात, अन्यथा परत उभारलेल्या संकेतस्थळात नोंद आहे पण फाइल नाही, अशी स्थिती होते. एक प्रत परिसराबाहेर ठेवावी. कुबरनेटिसमध्ये आज्ञावलीची मागील आवृत्ती एका आज्ञेने परत आणता येते, परंतु बदललेला डेटाबेस तसा परत येत नाही. म्हणून प्रत्येक आवृत्तीबदलापूर्वी स्वतंत्र प्रत घ्यावी. प्रत्येक सत्रात एकदा त्या प्रतीतून रिकाम्या यंत्रावर संपूर्ण संकेतस्थळ उभारून पाहावे. ज्या प्रतीतून कधीच काही उभारून पाहिले नाही, ती प्रत उपयोगी आहे असे मानता येत नाही.

९. निष्कर्ष

१. आशय व्यवस्थापन प्रणालीची आज्ञावली, डेटाबेस, अपलोड व संरचना हे चार भाग वेगळे करणे ही कंटेनर-समूहाची पूर्वअट आहे. हे विभाजन एका सर्व्हरवरही करता येते आणि तेथेही त्याचा लाभ होतो.

२. पॉड वाढवल्याने संकेतस्थळाची क्षमता डेटाबेसच्या मर्यादेपर्यंतच वाढते. सूचनांसारख्या समान मजकुरासाठी कॅश हा अधिक परिणामकारक उपाय आहे. निकालाची व्यवस्था स्वतंत्र असावी.

३. मराठी संकेतस्थळांनी वर्णसंच, पत्त्यांची लांबी, फाँट व वेळ यांची तपासणी स्थलांतराच्या आराखड्यातच समाविष्ट करावी.

४. समूह स्वीकारण्याचा निर्णय यंत्रांच्या संख्येवर नव्हे, तर तो सांभाळणाऱ्या व्यक्तींच्या उपलब्धतेवर आधारलेला असावा.

किनवटच्या विद्यार्थ्याला त्याची सूचना कोणत्या नोडवरून आली, याच्याशी कर्तव्य नसते. ती वेळेवर दिसली पाहिजे आणि पाच वर्षांनंतरही त्याच पत्त्यावर सापडली पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा असते. तंत्रज्ञानाची निवड या अपेक्षेच्या कसोटीवर व्हावी.